नाकाबाईच्या घरची पहिली पालेभाजी

सडलेल्या बटाट्याचा वास ज्याने घेतलेला नाही, त्याने 'घाण' हा शब्द जरा जपून वापरावा, असं नाकाबाईचं ठाम मत होतं. मासळी कुजली तर निदान लांबून कळतं, माणूस वळसा घालून जातो. बटाटा मात्र पोत्याच्या तळाशी गुपचूप पाणी सोडत बसतो, आणि पोतं हलवलं की जो भपकारा येतो तो नाकात न थांबता थेट घशात उतरतो. मग दिवसभर चहाला तोच वास, पावाला तोच, स्वतःच्या केसांनाही तोच.

नाकाबाई भाजीच्या कारखान्यात कामाला होती. कारखाना कसला, पत्र्याची एक लांबलचक शेड. एका दाराने भाज्या मातीसकट आत यायच्या आणि दुसऱ्या दाराने धुऊन, चिरून, पिशवीत बंद होऊन बाहेर पडायच्या. इस्पितळांच्या, शाळांच्या, हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत जायच्या. पिशवीवर ठळक छापलेलं असायचं: ताजं, हिरवं, पौष्टिक. ते लिहिणाऱ्या शहाण्याला एक दिवस आपल्या जागेवर उभं करावं, असं तिला फार वाटे. तिची जागा पहिल्या दाराशी, जिथे आलेले क्रेट उघडले जात तिथे. हातात रबरी मोजे, त्यात पाणी बर्फासारखं, त्यामुळे बोटांना कशाचा पत्ता लागत नसे. म्हणून ती वास घ्यायची. क्रेटवर वाकायचं, एकदा हुंगायचं आणि "काढा" नाहीतर "जाऊ द्या" म्हणायचं. वरून हिरव्यागार दिसणाऱ्या पालकाच्या पोटात काळा, बुळबुळीत लगदा झालेला असला तर तिला तो उलगडून बघावा लागत नसे. कोबी आतून गेलाय, गाजरांना बुरशी धरलीय, सगळं तिला एका श्वासात कळायचं. "मशीन चुकेल, नाकाबाई चुकायची नाही," असं मुकादम आल्यागेल्याला सांगायचा. नाव तिथे पडलं ते कायमचं चिकटलं. घरचे सोडून सगळे तिला त्याच नावाने हाक मारत.

या नोकरीने तिचं घर चाललं आणि भाजीवरचं मन पार उडालं. आठ तास ज्याच्या वासाने पोटात ढवळतंय, ते घरी येऊन पुन्हा विळीवर घ्यायचं? छे! तिच्या घरात डाळ शिजे, भात शिजे, अंडी, कोंबडी, मासे सगळं होई. कांदा-लसणाला तेवढी परवानगी होती, कारण ते फोडणीचे, भाजीत धरायचे नाहीत असा तिचाच कायदा. शेजारणीने कोबी शिजत टाकला की ही धाडधाड खिडक्या लावून घ्यायची आणि वर म्हणायची, "शी! मोजे उकळतेय का ही बया?"

हे सगळं एक छोटी पोर डोळे मोठे करून बघत होती. नाकाबाईची लेक बोलायच्या आधी नाक मुरडायला शिकली. वरचा ओठ उजवीकडून वर, नाकपुड्या आत, डोळे बारीक. हुबेहूब आई! तेव्हा त्याचं कोण कौतुक. पाहुणे आले की नाकाबाई मुद्दाम मटाराचे दाणे पोरीपुढे धरायची, "बघा हं, आता कशी करते ते बघा," आणि पोरीने तोंड केलं की सगळे हसून लोटपोट. जगात कुठेही जा, आया पोरांच्या मागे घास घेऊन धावतात, चिऊ-काऊची नावं घेतात, भाजी भाताखाली लपवतात, धाक दाखवतात, तेव्हा कुठे दोन घास भाजी पोटात जाते. इथे मात्र आईच नको म्हणत होती. पोरीचं काय, तिचं आयतंच फावलं.

तीच लेक आता पोटुशी होऊन माहेरी आली होती. जावई बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात. लेक आली ती भिंतीसारखी पांढरी. जिना चढली की पायरीवर बसायची. डोहाळ्यांमुळे होतं असं, असं नाकाबाई सगळ्यांना सांगत होती. स्वतःलाही तेच सांगत होती.

डॉक्टरीणबाईंनी लेकीची खालची पापणी ओढून पाहिली आणि हातातले कागद खाली ठेवले.

"रक्त आहे कुठे हिच्या अंगात? गोळ्या घेतेस ना?"

"घेते, पण उलटून पडतात," लेक म्हणाली.

"बदलून देते. आणि ताटात काय असतं? भाजी कुठली खातेस?"

आई-लेकींनी एकमेकींकडे पाहिलं. दोघींचा वरचा ओठ एकाच वेळी उजवीकडून वर गेला. डॉक्टरीणबाईंनी हिच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"हं, आलं लक्षात," त्या म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. "डाळ, अंडी खातेस ते चांगलंच आहे. पण पालेभाजी पाहिजे, बीट पाहिजे, वर लिंबू पिळून. हे औषधाऐवजी नाही, औषधाबरोबर. हे बघा आई, बाळंतपणात थोडंफार रक्त जातंच. हिच्याकडे जाऊ द्यायला काही शिल्लकच नाही. महिन्याभरात सुधारणा दिसली नाही तर दाखल करून शिरेतून औषध द्यावं लागेल. ती वेळ येऊ देऊ नका."

नाकाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. आयुष्यभर जगातल्या घाणीवर रागावलेली बाई त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःवर रागावली. घरी येईपर्यंत तिने लेकीचा दंड सोडला नाही. पाहुण्यांपुढचे ते मटाराचे दाणे तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. पोरीला तोंड वेंगाडायला आपणच शिकवलं, आणि टाळ्याही आपणच वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटताना तिने मुकादमाकडे पालकाच्या दोन जुड्या विकत मागितल्या. मुकादमाने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्हाला? बरं आहे ना सगळं?" ती क्रेटवर वाकून हुंगायला लागली आणि तिथेच अडली. खराब जुडी कोणती ते तिला झोपेतही सांगता आलं असतं. चांगली जुडी कशी ओळखायची? तिच्या लेखी चांगली म्हणजे जिला वासच नाही ती. शेवटी तशा दोन उचलल्या आणि पिशवी अंगापासून लांब धरून घरी आली.

स्वयंपाकातही तिने तोच नियम लावला. वास गेला म्हणजे भाजी झाली! पातेलंभर पाण्यात एका जुडीचा पालक टाकला आणि उकळत ठेवला. वास येतच होता. अजून उकळला. हिरवं झालेलं पाणी मोरीत ओतलं, नवं घातलं, पुन्हा उकळला. नाकावर फडकं बांधून ती पातेल्यावर पहारा देत उभी. शेवटी पातेल्यात मळकट हिरव्या चिंध्यांचा एक गोळा उरला. त्यात अंडं फोडून, मिरपूड मारून, तिने लेकीपुढे ठेवलं. "अंड्याचंच आहे," म्हणाली.

लेकीने चमचा तोंडाजवळ नेला आणि तिथेच थांबवला. नाक आईचंच होतं, फसायचं कसं?

"आई, यात काय घातलंयस?"

"काही नाही. खा गुपचूप."

लेकीने कसाबसा एक घास घेतला आणि तोंडावर हात दाबून मोरीकडे पळाली. आतून ओकारीचा आवाज आला आणि नाकाबाईही मागोमाग धावली. दोघी मोरीच्या दोन बाजूंना भिंत धरून उभ्या राहिल्या. तेवढ्यात नाकाबाईचे यजमान आले. बसचे ड्रायव्हर, मितभाषी माणूस. त्यांनी ताटलीत डोकावलं, बोटाने तो गोळा हलवून पाहिला.

"अगं, ही भाजी आहे की धुणं?"

"तुम्हाला हो काय कळतंय भाजीतलं?"

यजमान घसा खाकरून टोपी काढत म्हणाले, "कळतं थोडं. डेपोच्या कँटीनमध्ये खातो मी. रोज."

"बाबा!" लेक मोरीतूनच ओरडली. माणसं चोरून दारू पितात. या गृहस्थाने इतकी वर्षं चोरून दुधी, भोपळा आणि पालक खाल्ला होता. वर घरी यायच्या आधी बडीशेपेची मूठ.

"माहितीय मला," नाकाबाई तुटकपणे म्हणाली. "लग्नानंतर वर्षभरातच वास आला होता. बोलले नाही एवढंच. बडीशेपेने कुणाला फसवता?"

यजमानांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण बोलण्यात वेळ न घालवता त्यांनी बाह्या सरसावल्या. दुसरी जुडी अजून कोरी होती. तिची पानं खुडून तीनदा धुतली, कढईत तेल चांगलं तापू दिलं, लसूण ठेचून टाकला, तो तांबूस झाल्यावर पालक. चर्र झालं. दोन-चार वेळा परतून, मीठ घालून त्यांनी लगेच गॅस बंद केला आणि वर अर्धं लिंबू पिळलं. "कँटीनवाला म्हणतो, पानाचा जीव जाईस्तोवर शिजवू नये. तू केलास तसा खून मी तर पहिल्यांदाच बघितला."

भाजी हिरवीगार दिसत होती. नाकाबाईला ती तशीही किळसवाणीच वाटली.

लेक ताटलीपुढे येऊन बसली. तिचे ओठही पांढरे पडले होते. "मी खाईन," ती म्हणाली, "पण आधी तू. तू तोंड वाकडं न करता खाल्लंस तर मी खाईन."

यजमान मध्ये पडायला गेले. नाकाबाईने त्यांना हाताने थांबवलं. चमचा भरला, तोंडात घातला. जिभेवर ते ओलं, मऊ पान पसरलं आणि तिच्या डोळ्यांपुढे सगळी शेड उभी राहिली: काळा लगदा, मोज्यांवरचा चिकटा, गटाराच्या जाळीत अडकलेले देठ. ओठ उजवीकडून वर जाऊ लागला. तिने तो दाबून खाली ठेवला. नाकपुड्या जागच्या जागी ठेवल्या. डोळे लेकीच्या डोळ्यांवर ठेवले आणि सावकाश चावलं, कारण गिळून टाकलं असतं तर पोरीला कळलं असतं. मग गिळलं. दुसरा चमचा भरला, तोही तसाच खाल्ला. तिच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"कशी आहे?" लेकीने विचारलं.

"छान आहे."

नाकाबाईने जन्मात कधी घाणीला छान म्हटलं नव्हतं. लेकीने पुढे वाकून आईच्या कपाळावर बोट टेकवलं. बोट ओलं झालं. मानेवरूनही घामाची धार वाहत होती.

"तुला मळमळतंय," लेक म्हणाली.

"नाही."

"आई, तुला ओकारी येतेय. माझ्यापेक्षा जास्त येतेय."

"येऊ दे," नाकाबाई म्हणाली. आवाज फाटला, तोंड मात्र तसंच सरळ होतं. "तू खा, बाई."

लेकीने चमचा उचलला. पहिला घास घेताना तिचा ओठ उजवीकडून वर गेलाच. ती थांबली, एक हात पोटावर ठेवला, आणि ओठ खाली आणायचा प्रयत्न करू लागली. तो नीट येईना. एकीकडून आला तर नाक आक्रसे.

"हे कसं करायचं ते शिकव मला," ती घास तोंडात तसाच धरून म्हणाली. "पोटातलं हे बाळ माझ्याकडे बघायला लागेल तेव्हा मला येत असलं पाहिजे."

नाकाबाईने खुर्ची ओढून लेकीच्या अगदी समोर घेतली, तिसरा चमचा भरला आणि म्हणाली, "माझ्याकडे बघ. आधी दात एकमेकांवर टेकव, मग श्वास सोड."