दोन कौल

माझा भाऊ एका पोफळीवरून दुसऱ्या पोफळीवर जायचा, जमिनीवर न उतरता.

हेदवीच्या अलीकडे आमचं गाव. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत माड आणि सुपारीच्या पोफळी इतक्या दाट, की भर दुपारीही आगरात ऊन तुकड्यातुकड्यांनीच पडतं. या बागांत चढून नारळ-सुपारी उतरवणाऱ्याला आमच्याकडे पाडेली म्हणतात. वडील पाडेली होते, त्यांच्यानंतर दादा झाला. शेंड्याशी पोचला की तो पिकलेला घड कोयतीने तोडून दोरीवरून खाली सोडायचा. मग झाडाला पायांची मिठी मारून अंग मागेपुढे करायला लागायचा. पोफळ बारीक, उंच आणि लवचिक. ती झोके घेऊ लागायची. दर झोक्याला शेजारची पोफळ जवळ यायची आणि कधीतरी दादाचा हात पुढे जाऊन तिला धरायचा. सोडलेलं झाड मागे थरथरत राहायचं. असा तो आगराच्या एका टोकाला चढायचा आणि दुसऱ्या टोकाला उतरायचा. मी लहानपणी खाली उभी राहून बघत असे. भीती कधी वाटली नाही. तो पडू शकतो हे तेव्हा मला माहीतच नव्हतं.

दादा गेला त्याला वर्ष होऊन गेलं. त्याच्याविषयी लिहायला बसते आणि चार ओळी झाल्या की उठते. घाई नाही म्हणा. विचारणारं आता कोणी नाही.

हे सांगते आहे ते ऐंशी सालानंतरचं. मी गावच्या हायस्कुलात मराठी शिकवू लागले होते. लग्न केलं नव्हतं, पुढेही झालं नाही. दादा-वहिनींना मूल नव्हतं. घरात आम्ही तिघं. दादा चाळिशीच्या आत होता. एका थंडीत सकाळी उठल्यावर त्याच्या बोटांची मूठ मिटेनाशी झाली. दव बाधलं असेल म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. वहिनी निर्गुडीचा पाला घालून पाणी तापवायची. तो न्हाणीघराच्या दगडावर बसून दोन्ही हात त्या पाण्यात बुडवून ठेवायचा. हळूहळू बोटं हलायची आणि मग तो आगरात जायचा. पूर्वी तांबडं फुटताना निघणारा माणूस आता ऊन वर आल्यावर निघू लागला. पुढे मनगटं सुजली, गुडघे सुजले.

मी त्याला रत्नागिरीला घेऊन गेले. होडीने खाडी ओलांडून जयगडला, तिथून एस.टी.ने. डॉक्टर तरुण होते. त्यांनी एकेक बोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "काम काय करता?"

"पाडेली."

"म्हणजे?"

"झाडावर चढतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हा आमवात आहे, म्हणाले. पूर्ण बरा होत नाही, आटोक्यात ठेवता येतो. "झाडावर चढणं बंद करायचं."

"कधीपासून?" दादाने विचारलं.

"आजपासून."

परतताना होडीत तो पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, "त्यांना सांगायला काय जातंय गो. ते खुर्चीवर चढतात."

होडीतली माणसं हसली, तोही हसला. मला वाटलं, चला, मनाला लावून घेतलं नाही.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांनी जादू केल्यासारखं झालं. आठवडाभरात मूठ मिटू लागली. दादाने मला बोलावून हात दाखवला, उघडला, मिटला, पुन्हा उघडला. "बघ, गेलं." तो पुन्हा चढायला लागला. काही महिन्यांनी तोंड गोल दिसायला लागलं आणि पोट बिघडलं. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या आणि दुखणं परत आलं. या आजाराचं सगळ्यात वाईट काय, तर तो रोज सारखा नसतो. कायमचं मोडलेलं असतं तर माणसाने एकदाच रडून घेतलं असतं. पण मध्येच एखादी सकाळ अशी यायची की दादा न्हाणीघरात न बसताच कोयती घेऊन निघायचा. वहिनी दारात उभी राहून मला म्हणायची, "बघा वन्सं, आज कसे चाललेत." त्या एका सकाळीवर मग आम्ही पुढचा महिना काढायचो.

तो चढायचा त्या बागेचे मालक भला माणूस. दादाने एकदा त्यांच्याजवळ विषय काढला. ते म्हणाले, "अरे, तू सोडलंस तर चढणार कोण? तरणी पोरं सगळी मुंबईला. तू आपला सावकाश कर. तुला कोण घाई करतंय?" नंतर म्हणाले, "नाहीतर खाली बसून सुपारी सोल." सुपारी सोलायला बायका बसत. दादा एक दिवस त्यांच्यात जाऊन बसला. सोलण्याला झाडाहूनही जास्त बोटं लागतात. संध्याकाळी त्याच्यापुढचा ढीग पाहून एक म्हातारी म्हणाली, "जावईबापू, जेवायला बसलात की कामाला?" दुसऱ्या दिवशी तो गेला नाही.

माझ्या पगारात तिघांचं भागलं असतं. तसं मी एकदा जेवताना बोलून दाखवलं. दादाने भात कालवता कालवता हात थांबवला. "भागेल गो. पण सकाळी उठून मी जाऊ कुठे?"

पुढे खूप दिवस मी याचं उत्तर शोधत होते. वाचनालयात जाऊ शकतोस, देवळात बसू शकतोस, असलं काहीतरी मनात यायचं आणि मनातच राहायचं.

कौल लावायचं त्याचं त्यानेच ठरवलं. आमच्याकडे लग्न जमवायचं असो की विहीर खणायची असो, माणसं ग्रामदेवीला विचारतात. गुरव देवीच्या पाषाणावर दोन बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझा त्यावर विश्वास नव्हता. पण दादा म्हणाला, "बाय, तूही चल," आणि मी गेले.

गाभाऱ्यात तेलाचा वास होता. गुरवाने कळ्या लावल्या आणि हात जोडून म्हणाला, "बा देवी माउली, हे तुझं लेकरू पायाशी आलंय. हाताला दुखणं झालंय. झाडावर चढायचं काम सोडावं असं त्याच्या मनात आहे. सोडावं असं तुझं म्हणणं असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे."

असं त्याच्या मनात आहे, हे मी तिथे पहिल्यांदा ऐकलं. आम्हाला त्याने कधी सांगितलं नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो उजव्या कळीकडे बघत होता. लहान मूल दुकानातल्या बरणीकडे बघतं तसा. त्याला सोडायचं होतं. फक्त कोणीतरी सोड म्हणायला हवं होतं. डॉक्टर परका, बायको घाबरलेली, बहीण धाकटी. म्हणून तो इथे आला होता.

खूप वेळ काही झालं नाही. मग डावी कळी सरकली आणि खाली पडली.

दादाने नमस्कार केला. बाहेर येऊन चपला घालताना त्याच्या पायाची बोटं अंगठ्याच्या पट्ट्यात जाईनात. मी खाली वाकले तर म्हणाला, "असू दे, जमतंय."

वहिनी घरी वाट बघत होती. "काय म्हणाली देवी?"

"सोडू नको म्हणाली."

"तिला म्हणावं, मग तूच चढ." एवढं बोलून वहिनीने चटकन स्वतःच्या दोन्ही गालांना हात लावले आणि आत गेली. मला सांगता आलं असतं की कळी ओली होती, वजनाने पडली, त्यात देवीचं काही नाही. पण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न त्याने मलाच विचारला असता.

तो चढत राहिला. पुढच्या हंगामात एका सुट्टीच्या दिवशी मी वहिनीबरोबर आगरात गेले होते. खाली पडलेल्या सुपाऱ्या वेचायचं काम ती करायची. दादा वर होता. घड सोडून झाला आणि झाड हलायला लागलं. शेजारची पोफळ जवळ आली. त्याने हात पुढे केला नाही. पुन्हा आली, हात पुढे गेला आणि परत खोडाला बिलगला. वहिनी वेचायची थांबली होती. आणखी एकदा झाडं जवळ आली आणि लांब गेली. मग दादाने अंग हलवायचं थांबवलं. पोफळीचे झोके कमी कमी होत गेले आणि ती सरळ उभी राहिली. तो तिच्या शेंड्याशी नुसता बसून होता.

मग तो खाली उतरला. आमच्याकडे न बघता शेजारच्या पोफळीशी गेला, पायात दोरीचा फास घातला आणि मुळापासून चढू लागला.

त्या दिवसापासून तो प्रत्येक झाड चढायचा आणि प्रत्येक झाड उतरायचा. ज्याने खरं तर दोन पावलं कमी चालायला हवी होती, त्याचं काम कितीतरी पटींनी वाढलं. छातीवर खोड घासून कातडी जायची. वाटेने जाणारे चेष्टा करायचे, "काय रे, झाडं ओळखीची करून घेतोस काय?" तो वरूनच म्हणायचा, "जुनी ओळख हाय, झाडं विसरलीत."

वहिनीला हे बघवेना. ती कोणालाही न सांगता एका सकाळी देवळात गेली आणि तिने कौल लावला. प्रश्न तोच, ह्यांनी झाड सोडावं काय. उजवी कळी पडली. ती पदरात प्रसाद घेऊन जवळजवळ धावत घरी आली.

दादा न्हाणीघरात हात बुडवून बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. "मला डावी दिली, तुला उजवी दिली."

"देवीचं मन बदललं असेल."

"बदललं असेल. पण तुला मी झाडावर जायला नको आहे हे तिला ठाऊक हाय. मला काय हवं होतं तेही तिला ठाऊक होतं, तरी मला डावीच दिली." पाणी निवलं होतं, तरी त्याने हात बाहेर काढले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाला, "बाय, तू शिकलीस. तू सांग. सोडू का?"

मी दारात वह्यांचा गठ्ठा घेऊन उभी होते, शाळेला निघालेली. "सोड," मी म्हटलं.

तो थांबला. मी पुढे काहीतरी बोलेन अशी वाट बघत असावा. सोड, आणि मग असं कर, तसं कर. माझ्याकडे त्या शब्दापुढे काही नव्हतं. वहिनीकडे नव्हतं, देवीकडेही नव्हतं. त्याने मान हलवली, समजल्यासारखी, आणि म्हणाला, "जा, उशीर होईल."

त्या दिवशीही तो आगरात गेला.

त्यानंतरच्या थंडीत एका सकाळी त्याला चहाची कपबशी धरता येईना. वहिनीने बशी त्याच्या ओठांशी नेली. दादाला कामाला न्यायला रोज येणारा मालकांचा गडी कुंपणापाशी येऊन उभा राहिला आणि हाक मारली. वहिनी बाहेर जाऊन म्हणाली, "आज नाय येणार."

"उद्या?"

तिने मागे वळून दादाकडे पाहिलं. तो पायरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी गडी पुन्हा आला. पुन्हा तेच विचारलं, तेच उत्तर मिळालं. असं बरेच दिवस चाललं. सोडलं असं दादा म्हणाला नाही आणि काढलं असं मालक म्हणाले नाहीत. दरम्यान मालकांनी पलीकडच्या वाडीतून एक पाडेली आणला. गडी रोज यायचा तो एक दिवसाआड यायला लागला, मग बाजाराच्या दिवशी. ते सगळं आपोआप होत होतं आणि आम्ही तिघं ते होताना बघत होतो.

पुढे गड्याने विचारायचं सोडलं. त्याची वाट मात्र आमच्याच कुंपणावरून होती. त्या वेळेला दादा हात पुसून, शर्ट घालून पायरीवर बसायचा. गडी दिसला की तो किंचित पुढे व्हायचा, उत्तर द्यायला तयार. गडी म्हणायचा, "बरं हाय ना?"

"बरं हाय," दादा म्हणायचा, आणि गडी पुढे जायचा.