धूळ आणि गूळ

लग्न होऊन आली तेव्हापासून बेबीताई मारेगावच्या जिनिंगात कापूस लोटते आहे. रुईची बारीक धूळ छातीत बसते. त्यावर मालकाचा इलाज एकच, सुटताना गुळाचा खडा. मास्क कशाला, गूळ आहे ना!

काल हवा तपासणारे साहेब आले. खबर आधीच लागलेली, म्हणून सकाळपासून मशिनी बंद आणि फरशी धुतलेली. साहेबांच्या यंत्राने हवा साफ असल्याचं सांगितलं. तेवढ्यात बेबीताईला खोकल्याची उबळ आली.

"हवा तर चांगली आहे, मग खोकता कशाला?" साहेबांनी विचारलं.

मालकाने घाईने गूळ पुढे केला. तो तसाच हातात धरून ती दमलेल्या आवाजात म्हणाली, "साहेब, थे यंत्र माह्या छातीले लावून पाहा. तिले आज सकाळी कोनी धुतलं नाई."