चौथं चाक

तितिकाका तळ्याकाठी, कोपाकबानाच्या चर्चसमोर हिलारिया एकतीस वर्षं फुलं विकते. नवी गाडी घेतली की माणसं ती आधी इथं आशीर्वादाला आणतात. पाद्री पाणी शिंपडून गेला की हिलारिया शाल खोचून पुढं. बॉनेटवर हार, टपावर कागदी फुलं, अन् चारी चाकांवर दारूची धार, धरणीमायला. तोंडाची फटकळ. "धरणी काय चिमणी हाय व्हय रं, थेंब थेंब पाजतोस?" असं कुणाला तरी बोलल्याबिगर तिचा दिवस जात नसे.

मार्चपासून मात्र तिच्या तोंडाला कुलूप लागलं होतं. मार्चात बासिलियाचा पोरगा वेनांसिओ नवीकोरी मिनीबस घेऊन आला, अन् परतताना बससकट दरीत गेला. शेजारी बसलेली त्याची सहा वर्षांची लेकही गेली. बासिलिया मेणबत्त्या लावायला मागं राहिली होती म्हणून वाचली.

जूनमधे एका सकाळी ती दुकानापुढं उभी राहिली. काळी शाल, शालीखाली बाटली.

"वळखलंस का, मावशी?"

हिलारियानं हातातला हार खाली ठेवला. "वळखलं."

"तीन चाकांवर धार पडली, चौथ्यापाशी बाटली संपली. एकीतच भागवू, असं मीच म्हणले व्हते. माय कोपली गं माझ्यावर. चौथ्या चाकाची घेऊन आलेय. कुठं ओतू, सांग."

"हितं ओत" म्हटलं असतं की सुटली असती. पण हिलारियाच्या डोळ्यांपुढं वेनांसिओचा आडवा हात आला. "नको मावशी, मला घाट उतरायचाय." अन् चार बायका ऐकतायत म्हणून स्वतःला चढलेला चेव. "धरणी प्याली, तुझी आई प्याली, अन् गाडीचा धनी कोरडा? बायल्या हायस का रं?" हशा पिकला. पोरगं लाजलं. एक पेला घेतला, मग दुसरा, मग मोजायचं कुणी?

"बाटली चाकांवर न्हाई संपली," हिलारिया म्हणाली. "अर्धीअधिक तुझ्या पोराच्या पोटात गेली. त्यो नको म्हणत व्हता. मी त्याला बायल्या म्हणले, अन् पाजली. धरणीनं कायबी मागितलं नव्हतं."

बासिलिया एक पाऊल पुढं आली. आता ही मारणार, असं हिलारियाला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मीबी हसले व्हते," बासिलिया म्हणाली. बाटली तिनं फुलांच्या बादलीशेजारी ठेवली. "ऱ्हाऊ दे हितंच. रोज बघ." अन् निघून गेली.

दुपारी एक ट्रक आला. हिलारियानं चारी चाकांवर सारखी धार धरली. ड्रायव्हरनं आपणहून पेला पुढं केला.

"मावशे, मला न्हाई?"

"घाट कोण उतरणार?"

"मीच की."

"मग ऱ्हा कोरडा."

"बायकोवानी बोलतीस की!"

सगळे हसले. हिलारियानं उरलेली दारू चौथ्या चाकाशी उपडी केली अन् शेवटचा थेंब पडेस्तोवर बाटली तशीच धरून उभी राहिली.