कंटेनर बंद करण्याआधी

माझे भागीदार मोतीरामभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावरच चिडून बसलो होतो. आदल्याच दिवशी त्यांनी शेजारी नवीन कचेरी टाकलेल्या शेंडेला आमच्या कामातल्या सगळ्या खाचाखोचा सांगून टाकल्या होत्या. माणूस गेला अन् भांडण अर्धंच राहिलं... याचाही राग येतो.

गोंदियाचा तांदूळ परदेशी पाठवायचं आमचं भागीदारीतलं काम. शेंडे यायच्या आधी हायवेवरच्या कोहमाऱ्याला एका रांगेत असल्या पाच कचेऱ्या, सगळे एकमेकांचे स्पर्धक. काही वर्षांपूर्वी आमचा पहिला कंटेनर आफ्रिकेत उघडला तेव्हा पोती बुरशीनं काळी पडलेली. गिरणीतून निघालेला गरम तांदूळ आम्ही घाईघाईनं भरून दार लावलं होतं. समुद्रावर त्याला आतल्या आत घाम सुटला. ग्राहक हातचा गेला. अन् आमचे मोतीरामभाऊ दुसऱ्या दिवशी सगळ्या रांगेला ढाब्यावर चहा पाजून काय सांगतात, तर आमचीच चूक! तांदूळ दोन दिवस थंड होऊ द्या, आतून कागद लावा, मगच दार लावा. मी कपाळावर हात मारला. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हे ठीक. पण दर वेळी पुढचे आम्हीच कशाला?

"कायले सांगून राहिले भाऊ?" मी विचारलं.

"अरे, एकाचा माल सडला तं नाव गोंदियाचं खराब होते. तुही-माही पाटी तिकडं कोण वाचते?"

पुढे पाचही कचेऱ्यांचा माल धड पोचू लागला. आधी आमचा फोनही न उचलणारा जहाज कंपनीचा माणूस स्वतः कोहमाऱ्याला येऊ लागला. तरी माझं तोंड वाकडंच.

भाऊंच्या तेरवीनंतर आमचा कंटेनर बंदरावर अडला. पोत्यावर छापायच्या मजकुराचा नियम बदलला होता. मी धावपळ करून पोती बदलली अन् गप्प बसलो. म्हटलं, आता तरी ही फुकटची शिकवणी बंद. आठवड्यानं शेंडेचा पहिलावहिला कंटेनर त्याच कारणानं अडला. जहाज सुटलं, ग्राहकानं सौदा मोडला.

शेंडे माझ्याकडे आला. तुमचाही अडला होता का, एवढंच त्यानं विचारलं. मी हो म्हणालो.

"भाऊ असते तं मले त्याच दिवशी समजलं असतं," तो म्हणाला अन् उठून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ढाब्यावर सगळ्यांना चहा सांगितला अन् आमचा कंटेनर का अडला ते पहिल्यापासून सांगितलं. शेंडेही ऐकत होता. त्याला आता त्याचा काही उपयोग नव्हता.