सेतुमाधवरावांची पाठ केलेली उत्स्फूर्तता

तंजावूरच्या मराठी मंडळींत हट्टी माणसांची टंचाई कधीच नव्हती, पण शेहेचाळिसाव्या वर्षी जॅझ गिटार शिकायला बसलेला हट्टी माणूस एकच, सेतुमाधवराव. दिवसा ते एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. ओरत्तनाडूची बदली त्यांनी तीनदा टाळली होती: एकदा आईच्या गुडघ्यांमुळे, एकदा बायकोच्या गुडघ्यांमुळे आणि तिसऱ्यांदा साहेबांच्याच गुडघ्यांना औषधी तेल आणून देऊन. अशा माणसाने नेमकं संगीत कोणतं धरावं? ज्यात षड्जाचीच दर दोन मात्रांना बदली होते ते!

आपल्या गाण्यात एक सा ठरला की मैफल संपेपर्यंत तंबोरा तो सोडत नाही. सेतुमाधवरावांनी धरलेल्या एका अवघड जॅझ चालीत मात्र कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा घोस, बदलली की घर बदललं. नव्या घरात दिवा कुठे, पाट कुठे हे कळेपर्यंत पुढच्या बिऱ्हाडाची गाडी दारात उभी. आणि वाजवणाऱ्याने या पळापळीत, ऐनवेळी, नवी सुरावट रचायची. मोबाइलवरचे मास्तर सांगत, "नव्या कॉर्डचा तिसरा सूर गाठा." सेतुमाधवराव तो गाठतही, पण तोवर ती कॉर्ड गावाला गेलेली असे.

अशी सहा वर्षं गेली. रोज पहाटे, आंघोळीआधी.

"अहो," भामाबाई स्वयंपाकघरातून म्हणत, "ते जिन्यावरून पडल्यासारखं वाजतं ना, ते पुन्हा नको. दूध नासतंय."

"तो फ्लॅट फाइव्ह आहे, भामा. मुद्दाम उतरवलेला पंचम."

"असेल. दूध आपलं आहे."

आणि मग अखिलाचा फोन आला. चेन्नैत वाढलेली, आपल्यातलीच मुलगी. सॅक्सोफोन वाजवायची. तंजावूरच्या एका हॉटेलात दर शनिवारी संध्याकाळी तिचा छोटा बँड बसे. त्यांचा गिटारवाला परदेशी गेला होता. "काका, तीन आठवड्यांनी या. तुमच्या त्या चालीवर एक सोलो घ्या, एकट्याने, ऐनवेळी सुचेल तसा. जमलं तर दर शनिवार तुमचा."

सेतुमाधवरावांची नोकरी वडिलांच्या जागी लागलेली, बायको आत्याने पसंत केलेली, घर बायकोने. बावन्न वर्षांत स्वतःला हवीशी वाटलेली ही पहिली खुर्ची. ती मिळाली नाही तर पुढे हवंसं वाटण्याजोगं काही उरणार नव्हतं, हेही त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते घाबरले, आणि घाबरलेला माणूस जातो तसे वडिलांच्या वाटेने गेले.

वडील रंगराव कचेरी सुटल्यावर तिरुवैयारूला गाणं शिकवत. त्यांच्या शिष्यांच्या वह्यांत ऐनवेळी सुचायचे स्वर दोन महिने आधीच लिहिलेले असत. स्पर्धेत पोरं छताकडे बघत ते 'सुचवून' घेत आणि परीक्षक माना डोलावत. परीक्षकांच्याही लहानपणी अशाच वह्या होत्या. यात कुणाला लबाडी वाटत नसे. तयारी म्हणत तिला.

सेतुमाधवरावांनी एका फेरीचा, म्हणजे चाल एकदा पुरी होईपर्यंतचा, सोलो सूर न् सूर लिहून काढला. अमुक जागी 'किंचित अडखळणे', तमुक जागी 'डोळे मिटणे' अशा सूचनाही समासात टिपल्या. सरकारी माणूस, शेरा मारल्याशिवाय कागद पुढे सरकवत नसे.

शनिवारी पुढच्या दोन रांगा नातेवाइकांनी भरल्या. चुलतभाऊ अनिरुद्धराव तर जरीचं उपरणं घेऊन आले होते. सेतुमाधवरावांची पाळी आली आणि काय वाजवलं म्हणता! प्रत्येक घरात वेळेवर शिरले, वेळेवर निघाले, ठरल्या जागी अडखळले, ठरल्या जागी डोळे मिटले. टाळ्यांचा कडकडाट झाला. अखिलाचे डोळे चमकत होते. तिने बोट वर केलं.

"काका, आणखी एक फेरी!"

बेस आणि ड्रम थांबले नव्हते. सेतुमाधवरावांकडे दुसरी फेरी नव्हती. त्यांनी पहिलीच पुन्हा वाजवली. तेच सूर, तेच अडखळणं, तेच डोळे.

नातेवाईक खूश. अनिरुद्धराव मांडीवर ताल धरून शेजाऱ्याला मोठ्याने म्हणाले, "आता अडखळेल बघ! अडखळला! शाब्बास!" बेस वाजवणारा गणेशकुमार मान खाली घालून स्वतःच्या तारांकडे बघत राहिला.

हॉल रिकामा झाल्यावर अखिला जवळ येऊन बसली.

"किती दिवस पाठ करत होतात, काका?"

"तीन आठवडे."

"पहिल्या फेरीला मला रडू आलं. वाटलं, आत्ता सुचतंय तुम्हाला." तिने गणेशकुमारला खूण केली. "तो बेस धरेल. चार सूर वाजवा. वाईट वाजवा, चालेल. पण आत्ताचे."

बेस सुरू झाला. सेतुमाधवरावांची बोटं आपोआप पाठ केलेल्या पहिल्या सुराकडे निघाली. त्यांनी ती आवरली. मग दुसरं काही सुचायची वाट बघितली. एक कॉर्ड गेली, दुसरी गेली. प्रत्येक दार उघडताना आणि मिटताना त्यांना स्वच्छ दिसत होतं, इतकं त्यांना ते घरदार पाठ होतं. पाय मात्र उचलेना. अख्खी फेरी बेस एकटाच वाजत राहिला.

"पोदुम्," अखिला हळूच म्हणाली. "पुरे, काका. दर शनिवारी या. मागे बसून कॉर्ड्स धरा, त्या तुमच्या पक्क्या आहेत. सोलो मी घेईन."

"हो," तिचं वाक्य संपायच्या आत सेतुमाधवराव म्हणाले. "हो, हो. तेच बरं."

बाहेर मंडळी खोळंबली होती. अनिरुद्धरावांनी उपरणं त्यांच्या खांद्यावर टाकलं. "काय रे, ठेवलं का तुला?"

"ठेवलं."

"मग पुढल्या शनिवारीही हेच वाजव हं! नवं काही काढू नकोस. आम्हाला आता पाठ झालंय."

सगळे हसले. सेतुमाधवरावही हसले, हात जोडून वाकलेसुद्धा. भामाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"चला," त्या म्हणाल्या, "स्कूटर काढा."