पायाळूचा पाय

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोकं आधी काढायची साधी रीतही मला जमली नाही. पाय पुढे करून आलो. आयुष्यातली ही माझी पहिली पदवी, आणि खरं सांगायचं तर बी. कॉम.पेक्षा तिचाच उपयोग जास्त झाला. पाठीत उसण भरली, कमरेत चमक आली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, अशी आमच्याकडची समजूत. ऐंशी सालाच्या पुढेमागे मी आमच्याच शहरातल्या द्वारका चौकाजवळ एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कारकून होतो. तिथले ड्रायव्हर रिकाम्या गोणपाटावर पालथे पडायचे, मी चपला काढून त्यांच्या कमरेवर तीनदा टाच टेकवायचो, आणि माणसाला पाय लागला म्हणून लगेच वाकून नमस्कार करायचो. मोबदला अर्धा चहा. बरं वाटलं असं सगळेच म्हणत. नाही म्हणून सांगतील कुणाला, परत पालथं पडावं लागलं असतं.

धाकटी बहीण तेव्हा एकोणीस वर्षांची, डी. एड.च्या दुसऱ्या वर्षाला. शाळेत पाठ घ्यायला जायची. तिचा घसा धरला तेव्हा पोरांवर ओरडून धरला असेल, असंच आम्ही म्हटलं. मिठाच्या गुळण्या झाल्या, हळदीचं दूध झालं. आठवड्याभरात घसा मोकळा झाला आणि ती पुन्हा शाळेत जाऊ लागली.

पुढच्या मंगळवारी ती उठली ती मान एका बाजूला धरूनच. डाव्या जबड्याखाली सुजलं होतं, बोट लावू देईना. आई म्हणाली, उशी उंच झाली, उसण भरलीय. घरात पायाळू असताना बाहेर जायचं कशाला? बहिणीचा माझ्या विद्येवर काडीचा विश्वास नव्हता, पण आईचं मन राखायला ती चटईवर आडवी झाली.

"दादा, पाय धुतलास का?" ती म्हणाली. "नाहीतर मान बरी व्हायची आणि नाक जायचं."

मी धुतला. घरचं माणूस म्हणून तिच्या मानेवर ड्रायव्हरांपेक्षा जरा जास्तच जोर लावला. ती ओठ चावून पडून राहिली. नमस्कार केला नाही. धाकट्या बहिणीला कोण वाकतं?

उपाय तीन दिवस करायचा असतो, सकाळी, काही न खाता. दुसऱ्या दिवशी तिला हुडहुडी भरून ताप आला. थंडीचा ताप म्हणजे मलेरिया, हे मला कुणी विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं आणि मेडिकलमधून गोळ्या आणल्या. मानेचं वेगळं, तापाचं वेगळं. शुक्रवारी मान तशीच होती, म्हणून मी चौथ्या दिवशीही पाय लावला. त्या दिवशी ती थट्टेचं काहीच बोलली नाही. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

वडील नोकरीमुळे नांदगावला असत आणि शनिवारी घरी येत. त्या शनिवारी ते आले तेव्हा ती तुटक तुटक श्वास घेत होती, बरगडीखाली टोचतंय म्हणत होती. त्यांनी हातातली पिशवीही खाली ठेवली नाही. तसेच मागे फिरून रिक्षा घेऊन आले.

दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, मान पाहिली, मग आईला आणि मला बाजूला बोलावून विचारलं, "मान कुणी चोळली होती का?"

मी माझ्या पायांकडे पाहत राहिलो.

"मी," आई म्हणाली. "तेल लावून मीच चोळली."

घरात त्या आठवड्यात तेलाची वाटी कुणी काढलीच नव्हती. डॉक्टर तिला रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की घसा कधी दुखत होता आणि मान दुखायला लागून किती दिवस झाले. मग समजावून सांगितलं: एक जंतू असतो, तुमच्याआमच्या सगळ्यांच्या तोंडात, दातांच्या फटींत गुपचूप राहतो. त्याला हवा सोसत नाही. कधी तरी तो दुखऱ्या घशातून मानेच्या शिरेत उतरतो, तिथे रक्ताची गाठ धरते आणि तिचे पू भरलेले तुकडे सुटून फुफ्फुसात जातात. मंगळवारी आणली असती तर, इतकं बोलून ते थांबले. पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली. सहाव्या दिवशी ती गेली.

जंतूचं नाव नंतर, पुवाचा रिपोर्ट आला तेव्हा कळलं. फ्यूजोबॅक्टेरियम. डॉक्टरांकडून ते मी ऑफिसच्या एका रद्द बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या पावतीच्या, पाठीमागे लिहून घेतलं. कशासाठी, ते मलाही माहीत नाही. माझ्या जोरामुळे गाठ सुटली का, हे त्यांना विचारायला मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा रिपोर्टबद्दलच बोलून परत आलो.

ऑफिसात ड्रायव्हर गोणपाट पसरायचे. मी सांगायचो, माझाच पाय दुखतो. त्यावर हसायचे ते, पायाळूचा पाय कोण बघणार म्हणून. मीही हसायचो.

आईने तेलाची गोष्ट कधी काढली नाही. वडिलांनाही तिने तेच सांगितलं होतं, आणि ते महिनाभर तिच्याशी धड बोलले नाहीत. तेव्हाही मी गप्पच होतो.

वर्ष होऊन गेल्यावर एका सकाळी धुणं पिळताना आईच्या पाठीत चमक आली. तिने चटई पसरली, पालथी झाली आणि मला हाक मारली. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. ती म्हणाली, "जाऊ. आधी तू पाय लाव."

मोरीत जाऊन मी पाय धुतला. बराच वेळ धुतला. मग तिच्या पाठीवर नुसता टेकवला, फुलावर टेकवावा तसा, आणि वाकून नमस्कार केला. एकदा केला, मग पुन्हा एकदा. दुसरा कुणाला होता ते तिने विचारलं नाही.

"बरं वाटलं," आई म्हणाली, आणि डॉक्टरकडे नेईपर्यंत वाकूनच चालत राहिली.