मशीन थांबलं की

तीस वर्षं शिंपीणबाईंनी पायमशीनवर आपलं आणि नणंदेचं पोट भरलं. गेल्या हिवाळ्यापासून त्याच मशीनवर तिसरं पोट अवलंबून होतं. हातातली शिवण संपली, की बाई उरलंसुरलं अन्न खिडकीखाली ठेवत. त्यामुळे मशीनची खडखड थांबली रे थांबली, की मागच्या झुडपातून एक लंगडी कोल्हीण हजर.

वस्तीचा नियम फाटकावरच लावला होता. रानातल्या प्राण्यांना खाऊ घालू नये. दोनदा ताकीद, तिसऱ्यांदा खोली रिकामी. बाईंना दोन ताकिदी मिळून चुकल्या होत्या. आठ दिवसांपूर्वी त्यांनी खाणं ठेवणं बंद केलं. पण हे कोल्हिणीला कोण सांगणार? ती येतच होती.

त्या दुपारी वस्तीचे तपासनीस आत आले, तेव्हा बाई एका कोटाला अस्तर लावत होत्या.

“चालू द्या तुमचं,” खुर्ची ओढत ते म्हणाले.

बाईंनी चालूच ठेवलं. शिवण काठाला आली. त्यांनी कापड फिरवलं, त्याच रेषेवरून परत आल्या. मग तिसऱ्यांदा.

“वहिनी, अस्तर लावतेस का तटबंदी बांधतेस?” नणंद पलंगावरून म्हणाली. मग तिची नजर खिडकीकडे गेली, आणि तिने जीभ चावली.

“काल ती कोल्हीण एका बाळाच्या गाडीपर्यंत गेली,” तपासनीस म्हणाले. “माणसाला भीतच नाही. अशी जनावरं आम्ही धरून नेतो. परत आणत नाही. इथे येते?”

“छे हो! इथे आमचीच मारामार,” नणंद म्हणाली.

“मग खाऊ घालत नाही, एवढं लिहून द्या. जरा थांबवा ते, सही करा.”

डाव्या हाताने कापड दाबून बाईंनी उजव्याने सही केली, पाय चालूच. बॉबिनमधला दोरा केव्हाच संपला होता. सुई नुसती भोकं पाडत होती.

फाटकाची कडी वाजली, तपासनिसांची पावलं दूर गेली, तेव्हा कुठे त्यांचे पाय थांबले.

झुडूप हललं. कोल्हीण लंगडत खिडकीखाली आली आणि मान वर करून उभी राहिली.

बाईंनी मापाची लाकडी पट्टी उचलली, खिडकीच्या गजांवर दाणकन आपटली. कोल्हीण दचकली. चार पावलं मागे सरली. आणि तिथेच बसून राहिली.

“अजून एकदा,” नणंद हळूच म्हणाली.

बाईंनी डोळे पुसले आणि पट्टी पुन्हा उचलली.